सदतीस नंबरची चूल

पिंपळशेंडे आमच्या मागच्या अंगणात उतरला की दोन पावलं सरळ चालायचा, तिसऱ्या पावलाला मान खाली घालायचा आणि मग पुन्हा ताठ व्हायचा. तिथं काहीही नव्हतं. ना फांदी, ना पत्र्याची कड. कपडे वाळत घालायची तारसुद्धा पलीकडच्या कुंपणाला होती. पहिले दोन दिवस आईला वाटलं, उन्हाला नमस्कार करत असेल. तिसऱ्या दिवशी तिनं मला हळूच विचारलं, "हा कोनाले वाकून राह्यला रे?"

मी तेव्हा स्टोअर्समध्ये क्लार्क होतो. कारखान्याची बांधणी जोरात होती. वर्ध्याकडून आई आणि मी, असे दोघंच आलो आणि भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं. चुन्याचा वास अजून भिंतींना होता. आजूबाजूला निम्मी घरं राहती, निम्मी अर्धवट, आणि सगळ्यांवर लाल मुरमाची धूळ. आमच्या आधी त्या घरात कोणी राहिलेलं नव्हतं, याचा आईला मोठा आनंद. जुन्या घराला जुन्या माणसांचे भोग चिकटतात, असं तिचं मत होतं.

अशा घरात मी पिंपळशेंडेला आणला. नागपूरचा मुलगा, वय पंचवीस-सव्वीस, एम. ए. होऊन अर्थशास्त्रात संशोधन करत होता. कारखाना आला की गावातल्या माणसांचं काय होतं, असा काहीतरी लांबलचक विषय. त्याला राहायला खोली हवी होती. मी समोरची हवेशीर खोली दाखवली, तर तो थेट मागच्या अंगणात गेला. कुंपणाबाहेर एक जुनं कोसमाचं झाड होतं, बुलडोझरच्या हातून कसंबसं सुटलेलं. त्या झाडापासून त्यानं तोंडानं आकडे म्हणत पावलं मोजली, आमच्या अंगणाच्या मधोमध येऊन थांबला आणि म्हणाला, "मागची कोठी चालेल मला." कोठीत आम्ही कोळसा ठेवायचो. मी म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं आईचा सर्व्हे घेतला. त्याच्याकडे लाकडी फळी होती, फळीला चिमटा आणि चिमट्यात फॉर्म. शिसपेन कानावर. तो कोणाशीही बोलला की आपण कचेरीत उभे आहोत असं वाटायचं.

"घरात माणसं किती?"

"तीन," आई म्हणाली.

तिनं बाबांना धरलं होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण पहिल्या भाकरीचा तुकडा ती रोज त्यांच्या नावानं बाजूला काढायची. पिंपळशेंडेनं तिला शांतपणे समजावलं की एका चुलीवरचं जे जेवतात ते एक घर. मग नातं असो वा नसो. आणि मेलेला माणूस, व्याख्येप्रमाणे, धरता येत नाही.

आई म्हणाली, "तुह्या कागदात नसन बापा. माह्या घरात हाये."

'व्याख्येप्रमाणे' हा त्याचा लाडका शब्द होता. दुसरं लाडकं वाक्य होतं, "बदली घर चालत नाही." त्याचा अर्थ त्यानं मला चहा पिता पिता सांगितला. आमचा सेक्टर उठला तिथं आधी कोसमडीह नावाचं गाव होतं. तीन वर्षांमागं, गाव हलण्यापूर्वी, तो इथं येऊन महिनाभर राहिला होता. चिठ्ठ्या टाकून त्यानं साठ घरं निवडली आणि प्रत्येक घराला नंबर दिला. आता दुसरी फेरी होती. तीच साठ घरं शोधायची, तीच माणसं गाठायची, तेच प्रश्न विचारायचे. एखादं घर सापडलं नाही म्हणून शेजारचं घेतलं, असं करायचं नाही. त्यानं तोवर एकोणसाठ घरं शोधून काढली होती. कोणी दुर्गला गेलेलं, कोणी नव्या वस्तीत, कोणी रेल्वेच्या गँगमध्ये.

"आणि साठावं?"

"सदतीस नंबर," तो म्हणाला आणि बशीतला चहा तसाच ठेवून उठला.

त्याच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे एक दिव्य असायचं. त्यानं पहिल्या फेरीत गावाचा नकाशा काढला होता आणि तो त्याला तोंडपाठ होता. आमचे रस्ते सरळ आणि डांबरी, पण हा चालायचा कोसमडीहच्या गल्ल्यांमधून. मध्येच कोणाच्या मेंदीच्या कुंपणातून आरपार जायचा. भर चौकात चपला काढून हातात घ्यायचा, कारण तिथं शीतलामातेचा चबुतरा होता. सायकलवाले शिव्या घालायचे. एका रशियन इंजिनियरालाही त्यानं रस्त्यात अडवून चूल कुठे आहे ते विचारलं होतं. दुभाष्याला वाटलं, साहेबाला जेवायला बोलावतो आहे. रशियन माणूस खरोखरच दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिला. आईनं त्याला पिठलं-भाकर वाढली आणि तो डोळे पुसत जेवला. ते ठेच्यामुळे असावं.

असं हसता हसता एकदा मात्र माझं हसू जिरलं. दुपारी आम्ही रेशन घेऊन येत होतो. उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सावली पायाखाली गोळा झालेली. मी सरळ चाललो होतो, तर त्यानं माझा दंड घट्ट धरला.

"इकडून या, इंगळे साहेब. तिथं विहीर आहे."

समोर कोरडी सपाट मुरमाड जमीन होती. पण आम्ही दोघं गोल वळसा घालून गेलो. आता खोटं कशाला बोलू, वळसा घालताना मला डाव्या अंगाला गारवा लागला. आईला ते सांगितलं नाही, नाहीतर तिनं माझी दृष्ट काढली असती.

आईचं आणि त्याचं खरं बिनसलं ते जेवणावरून. तो आमच्याकडचं काहीच खायचा नाही. अंगणाच्या मधोमध त्यानं वीतभर खणलं. वरचा मुरूम निघाला, खाली काळी माती लागली, आणि त्या मातीत राख निघाली. आमच्या नव्याकोऱ्या घरात, जिथं आमच्या आधी कोणी राहिलं नाही म्हणून आई खूश होती, तिथं दोन ओंजळी जुनी राख. तो ती हातात घेऊन बराच वेळ उकिडवा बसला. मग त्यानं त्याच जागी तीन दगड मांडले आणि खिचडी शिजवायला लागला.

आईला वाटलं, याला आमच्या हातचं चालत नाही. तिनं तोंडावर विचारलं. तो गोरामोरा झाला. म्हणाला, "तसं नाही, आई. तुमच्या चुलीवरचं जेवलो तर मी व्याख्येप्रमाणे तुमच्या घरात येतो."

"मंग ये ना," आई म्हणाली.

 तो अंगणात गेला, तिसऱ्या पावलाला वाकला आणि चुलीशी जाऊन बसला. तेव्हा मला कळलं, तो वाकतो ते दारातून आत जाताना. छत्तीसगडी घरांची दारं फार बुटकी असतात.

म्हणजे सदतीस नंबरचं घर आमच्या अंगणात होतं. आमचं धुणं त्याच्या माजघरात वाळत होतं. आईला हे सांगताच तिनं सगळ्यात आधी तार काढायला लावली.

हळूहळू त्यानंच सांगितलं. त्या घरात सुकवारो नावाची बाई राहायची. नवरा नाही, मूलबाळ नाही. गाव हललं तेव्हा ती कोणाबरोबर गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी अकराला तो बाहेर पडायचा. मजुरांच्या कॅम्पमधल्या झोपड्या, दुर्ग स्टेशन, सेक्टर दहाची बांधकामं, जिथं जिथं मजूर असतील तिथं नाव विचारत फिरायचा आणि चारला लाल होऊन परत यायचा. निघण्याआधी तो दोघांची खिचडी करायचा, आपली खायचा आणि दुसरी जर्मनच्या ताटलीत चुलीजवळ झाकून ठेवायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "सदस्य गैरहजर असला तरी त्याचा शिधा चुलीवर पडतो. व्याख्येप्रमाणे."

ताटली रिकामी व्हायला लागली. आधी आम्ही म्हटलं, कुत्रं असेल. पण कुत्रं ताटली राखेनं घासत नाही. रोज दुपारी ती ताटली लख्ख घासलेली, दगडावर पालथी घातलेली असायची. आई बारा वाजता मागचं दार लावून वर कडी घालायला लागली. भर दुपारची वेळ वाईट, हे तिला वर्ध्यापासून माहीत होतं. मला म्हणाली, भाडेकरू चांगला आणलास, सोबत आणखी एक घेऊन आला. पण कोठी रिकामी कर असं मात्र तिनं त्याला कधी म्हटलं नाही.

मग एक दिवस ताटलीवर पळसाच्या पानाची पुडी निघाली. पुडीत खडे मीठ. पिंपळशेंडेनं ती उघडली आणि तो पांढराफटक पडला.

"तिला माझी खिचडी अळणी लागायची," तो म्हणाला. "तेव्हाही असंच मीठ ठेवायची, पानात बांधून."

त्या दिवसापासून तो बदलला. सकाळी बाहेर पडायचा, पण नाव विचारायचा नाही, नुसता फिरायचा. फॉर्मवर एक रकाना होता, 'मृत'. त्या रकान्यावर शिसपेन टेकवून बसलेला मी त्याला दोनदा पाहिला. मी म्हटलं, एक दिवस थांबून बघावं कोण येतं ते. तो म्हणाला, नको. बघितलं आणि कोणीच नसलं तर? आणि असली, पण ती तशी असली तर? अर्थशास्त्राचा माणूस असं बोलायला लागल्यावर माझ्यासारख्या क्लार्कानं काय करायचं.

त्यातच नागपूरहून त्याच्या सरांचं पत्र आलं. त्यानं ते मला वाचायला दिलं. महिनाअखेर प्रबंध आला नाही तर नाव कमी होईल. सदतीस नंबर सोडून द्या, राखीव यादीतलं घर घ्या. आणि शेवटी लिहिलं होतं की पहिल्या फेरीत त्या घरात सदस्य दोन दाखवले आहेत. दुसरा कोण ते मी जाणतो. संशोधकाला हे शोभत नाही, ते नाव खोडावे.

"दुसरा कोण?" मी विचारलं.

त्यानं पत्र घडी करून खिशात घातलं. मग भलतंच सांगायला लागला. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली, मग वडील. पहिलीपासून एम. ए.पर्यंत तो वसतिगृहातच राहिला. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर पालकाच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांची सही. चार अधीक्षक बदलले, एवढंच. "माझं जेवण कायम दोनशे पोरांच्या चुलीवर झालं, इंगळे साहेब," तो म्हणाला. "व्याख्येप्रमाणे ते घर होत नाही. वसतिगृहं सर्व्हेत धरत नाहीत." हे तो हसत म्हणाला, पण मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या जागी असतो तर मी काय केलं असतं, हे माझ्या मनात येऊन गेलं आणि मी उगाच बिडी पेटवली.

प्रश्न सोडवला तो माझ्या आईनं, आणि तोही तांदूळ निवडता निवडता. पत्राचं ऐकून ती म्हणाली, "मेली मेली काय करून राह्यला तो? भूत मिठाले हात लावत नाही. हे त लहान पोराले बी ठावं असते. मीठ ठेवनारं मानूस जितं हाये."

पिंपळशेंडे तिच्याकडे बघतच राहिला. तीन वर्षांचं संशोधन एका बाजूला आणि हे एका बाजूला.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती, म्हणून मी घरीच होतो. त्यानं खिचडी केली, ताटली झाकली. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दाराआड बसलो, दार बोटभर उघडं ठेवून. आईनं हातात लोखंडी उलथनं घेतलं होतं, असू द्यावं म्हणून. बाराचा भोंगा झाला. बांधकामावरचे आवाज एकाएकी थांबले. लू वाहत होती, कोसमाचं पान हलत होतं तेवढंच. अंगण पांढरं दिसत होतं.

पायरीलगतच्या मागच्या फाटकाची कडी निघाली. एक म्हातारी आत आली. डोक्यावर चुंबळ, पायांना गुडघ्यापर्यंत सिमेंट. हातातलं घमेलं तिनं कुंपणाशी ठेवलं आणि ती अंगणात चालत आली. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिसऱ्या पावलाला तिनं मान वाकवली.

 पाहिलं तर पिंपळशेंडेचे दात वाजत होते, त्या उन्हात. म्हातारी चुलीशी बसली, झाकण काढलं, पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं आणि कनवटीची मिठाची पुडी सोडली. आईनं उलथनं खाली ठेवलं. "जा," ती त्याला म्हणाली. तो हलेना, तेव्हा तिनं त्याच्या पाठीत चांगला धक्का दिला.

तो बाहेर गेला तो फळी, फॉर्म आणि शिसपेन घेऊन. माणसाशी बोलायची दुसरी रीत त्याला येत नव्हती. दारापाशी वाकायला मात्र विसरला नाही. म्हातारीनं वर पाहिलं. ना ती दचकली, ना रडली.

"तैं अभी घलो नून नइ डारस," ती म्हणाली. तू अजूनही मीठ घालत नाहीस.

मग सगळं कळलं, आणि कळल्यावर हसावं की काय करावं ते समजेना. ती रेजा होती, मजूर बाई, आमच्याच मागच्या दोन गल्ल्या सोडून क्वार्टरं बांधायला. तो तिला दुर्गपर्यंत शोधत होता आणि ती हाकेच्या अंतरावर विटा वाहत होती. एक दिवस तिला आपल्या चुलीचा धूर दिसला. येऊन पाहिलं तर चुलीत विस्तव, झाकलेलं ताट आणि अळणी खिचडी. ती म्हणाली, मी ओळखलं, लेकरू आलं आहे आणि कामाला गेलं आहे. ती दुपारच्या सुट्टीत येऊन आपला वाटा खायची, भांडं घासायची, त्याला मीठ ठेवायची. संध्याकाळी ठेकेदाराचा ट्रक तिला कॅम्पला घेऊन जायचा, म्हणून गाठ पडत नव्हती. असं बहुतेक घरांत होतंच की. तिच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नव्हतं. आपल्या घरचं खायला कोणाला विचारायचं?

भुताला घाबरलो ते आम्ही तिघं. तिचं घर तीन आठवडे व्यवस्थित चाललं होतं.

पिंपळशेंडे तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं फळी मांडीवर घेतली. मी दारातून पाहत होतो. फॉर्मच्या खाली पहिल्या फेरीचा जुना फॉर्म होता, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात घर क्रमांक सदतीस. सदस्य एक, सुकवारो. सदस्य दोन, वासुदेव पिंपळशेंडे, वय तेवीस. नात्याच्या रकान्यात त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगा'. महिनाभर एका चुलीवर जेवला होता. व्याख्येत बसत होतं.

त्याच्या एका हातात शिसपेन होतं आणि दुसऱ्यात रबर. सरांचं पत्र खिशात होतं. एक आकडा आणि एक नाव, एवढ्यावर डिग्री अडली होती. ती एकटी राहते असं लिहिलं असतं तरी कोणी खोटं म्हटलं नसतं.

"घर म कतका झन?" त्यानं विचारलं. घरात माणसं किती? 

म्हातारीनं ताटलीतली अर्धी खिचडी त्याच्याकडे सरकवली आणि वरून मीठ भुरभुरलं.

"तोला नइ मालूम? दू झन. एक मैं, एक तैं."

त्यानं रबर चुलीत टाकलं. ते जळताना घाण वास आला. मग त्यानं दोनचा आकडा लिहिला, इतका जोर देऊन की टोक तुटलं. फळी बाजूला ठेवून तो जेवायला लागला आणि जेवता जेवता हमसून हमसून रडला. म्हातारी त्याला म्हणत होती, खा, भोंगा होईल.

पुढचं थोडक्यात सांगतो. सरांनी ते घर तक्त्यातून काढून टाकलं. त्याला डिग्री मिळाली ती एकोणसाठ घरांवर, आणि एक वर्ष उशिरा. ते वर्षभर तो आमच्याच कोठीत राहिला आणि अंगणातली ती चूल रोज पेटत होती.

पण त्या दुपारचं राहिलंच. भोंगा झाला, म्हातारीनं घमेलं उचललं, दारातून वाकून बाहेर पडली. तो तिच्या मागं वाकून बाहेर पडला आणि फाटकापर्यंत पोचवून आला. मी ड्यूटीवर निघालो होतो. मागच्या फाटकानं जाताना माझीही मान तिथं आपोआप खाली गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आईनं तेवढ्यात त्याच्यासाठी पान वाढलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबू, आता त ये. चार घास खाऊन घे."

दर वेळी तो 'व्याख्येत बसत नाही' म्हणायचा. त्या दिवशी त्यानं हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि कुठल्याही घरातलं कोणीही म्हणतं तसं सहज म्हणाला, "आमच्या घरी जेवलो, आई."